तामारीत गहू नसला तरी सोया असतोच

धागाकर्तीने मुलासाठी ग्लुटेन (गहू-बार्लीतलं प्रथिन) आणि सोया दोन्ही नसलेला सोया सॉसचा पर्याय विचारलाय, आणि वर दोघातिघांनी तामारी (जपानी सोया सॉसचा एक प्रकार) सुचवलीय. ग्लुटेनपुरतं बघितलं तर ठीक आहे, बहुतेक तामारीत गहू नसतो (तरी लेबल वाचाच). पण ती सोयाबीनचीच असते, आणि धागाकर्तीच्या मुलाला दोन्ही वर्ज्य आहेत. कोकोनट अमिनोज चालेल, नारळाच्या पोयीतून काढलेली नीरा मीठ घालून आंबवलेली असते. चवीला गोडसर आणि मीठ कमी, त्यामुळे फ्राइड राइसमध्ये वरून मीठ लागतंच. शिवाय बाटली महाग.

माझ्या भाचीला सिलिअ‍ॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) आहे आणि सोयाही सोसत नाही, म्हणून आम्ही ठाण्यात घरीच करतो. सुके शिताके मशरूम रात्रभर फ्रीजमध्ये थंड पाण्यात भिजवायचे. सकाळी ते गडद पाणी गाळून मशरूमसकट मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवायचं, मग मीठ, थोडा काळा गूळ आणि शेवटी एक आमसूल. सोया सॉसची खरी गंमत उमामीत, म्हणजे त्या भरीव, मांसल चवीत आहे, आणि ती सुक्या शिताकेत भरपूर असते. मासे खाणाऱ्यांनी त्यात चार सोडे (सुकवलेली कोलंबी) टाकून बघा, चव एकदम भरते. आठवडाभर फ्रीजमध्ये टिकतं.

एक गोष्ट मात्र अजून कुणी लिहिली नाही. सॉस बदलला तरी तयार शेजवान चटणीत बऱ्याचदा सोया सॉस असतो, आणि माल्ट व्हिनेगर बार्लीचं, म्हणजे ग्लुटेनवाल्या धान्याचं असतं. त्या बाटल्याही उलटून वाचा. मुलासाठी कढई-झारा वेगळाच ठेवा, प्लीज.