मँडेलबल्ब लांबून रवाळ, जवळून लोणी!

प्रश्न: परळच्या आमच्या खोलीत लॅपटॉपचा पंखा छताच्या पंख्यावर मात करतोय. शेडरमध्ये (ग्राफिक्स कार्डवर चालणारा छोटा प्रोग्राम) ८ व्या घाताचा मँडेलबल्ब काढलाय, म्हणजे जवळ जावं तसे आणखी बारकावे दिसणारा त्रिमितीय गणिती आकार. तोही रे मार्चिंगने, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधून किरण पावलापावलाने पुढे सरकवत. लांबून रवा सांडल्यासारखे ठिपके. जवळ गेलो की सगळं लोण्यासारखं गुळगुळीत. पावलं १०० वरून ४०० केली, तर आई विचारते, "इस्त्री चालू राहिली का रे?"

उत्तर १: पावलं सोड. पृष्ठभागाच्या किती जवळ आल्यावर किरण थांबवायचा, ते अंतर स्थिर ठेवलंयस ना? कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात ठेव, साधारण एका पिक्सेलएवढं. नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) काढतानाही तेच.

उत्तर २: झूम करत फार खोल मात्र जाऊ नकोस, ३२ बिट फ्लोटला (शेडर दशांश संख्या ठेवतो तो प्रकार) जेमतेम ७ अंक कळतात.

प्रश्नकर्ता: दादा, रवा गेला! इस्त्रीचा वास तेवढा आहेच.