०.९ नंतर ०.१० की १.०? आणि रिलीजला स्टेशनांची नावं द्यावीत का?

ऐरोलीकर:
देवनागरी अंक आणि तारखा वाचणारी आमची ओपन सोर्स लायब्ररी (इतरांना वापरता येणारा तयार कोड) ०.९.४ या आवृत्तीवर आहे. पुढच्या रिलीजमध्ये एका फंक्शनचा पॅरामीटर काढतोय. आकडा ०.१०.० घ्यायचा की थेट १.०.०? शिवाय प्रत्येक रिलीजला ट्रान्स हार्बर या ठाणे-नवी मुंबई लोकल मार्गावरच्या स्टेशनाचं नाव द्यायचं घाटतंय: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली…

घोडबंदर_रोड:
०.९ नंतर ०.१० खुशाल घ्या. ते टिंब दशांशाचं नाही, तिन्ही आकडे सुटे वाचायचे. सेमव्हर या आवृत्त्यांना आकडे देण्याच्या नियमांप्रमाणे पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही बदलायची मुभा आहे. पण एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरमध्ये कोणी ^०.९.४ (म्हणजे ही किंवा हिच्याशी जुळणारी पुढची आवृत्ती) लिहिलं असेल तर त्याच्याकडे ०.९.५ आपोआप येतं, ०.१०.० येत नाही. पॅरामीटर काढल्यावर वापरणाऱ्यांचा कोड मोडू शकतो, तेव्हा हा बदल ०.९.५ म्हणून अजिबात सोडू नका.

लोक लायब्ररी रोजच्या कामात वापरत असतील तर १.०.० च करा. त्याआधी चाचणीला १.०.०-आरसी.१ काढा (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट; टॅगमध्ये, म्हणजे गिटमध्ये त्या आवृत्तीला लावलेल्या नावात, अर्थात रोमन अक्षरं). आरसी आणि आकडा यांच्यामध्ये टिंब हवंच. जोडून लिहिलं की अक्षरांप्रमाणे क्रम लागतो आणि आरसी१० हा आरसी२ च्या आधी जाऊन बसतो. डेबियन या लिनक्ससाठी पॅकेज करणार असाल तर तिथे हायफनऐवजी ~ वापरा, नाहीतर आरसी हीच १.०.० पेक्षा नवी ठरते.

तुर्भे_नाका:
उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्यांची नावं इंग्रजी अक्षरक्रमाने जातात, त्यामुळे जॅमी आधीचं आणि नोबल नंतरचं हे नावावरूनच कळतं. स्टेशनांचा क्रम आपल्याला पाठ आहे. लातूरच्या माणसाला रबाळे आधी की घणसोली, कसं कळणार? तुर्भ्यानंतर तर मार्गच फुटतो, एक सानपाडा-वाशीकडे, दुसरा जुईनगर-नेरूळकडे. त्यात २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव आलं. नाव द्यायचंच तर फक्त मेजर रिलीजला (पहिला आकडा बदलतो तेव्हा), तेही रिलीज नोट्सच्या मथळ्यात. टॅग आणि फाइलच्या नावात आकडाच ठेवा.

ऐरोलीकर:
पटलं. टॅग पुश केल्यावर चूक सापडली तर तोच टॅग नव्या कमिटवर (कोडच्या दुरुस्त नोंदीवर) हलवला तर चालेल?

घोडबंदर_रोड:
नको. ज्यांनी आधी फेच केलंय, म्हणजे आपल्याकडे उतरवून घेतलंय, त्यांच्याकडे जुनाच टॅग राहतो, साध्या फेचने तो बदलत नाही. मग १.०.० या एकाच नावाने दोन वेगळे कोड फिरतात आणि चेकसम (फाइल तीच आहे का हे तपासायचे आकडे) जुळत नाहीत. पायपीआय या पायथन पॅकेजच्या भांडारात तर एकदा चढवलेलं फाइलनाव डिलीट करूनही पुन्हा वापरता येत नाही. सरळ १.०.१ काढा, १.०.० तिथे यँक करा (वापरू नये अशी खूण करा) आणि कारण चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, लिहा.