पहिलं पिस्तूल: दोन लाखांचं की क्लबचं?

सडामिऱ्या (रत्नागिरी)
'दहापैकीदहा' यांनी काल इथे एअर पिस्तुलाच्या नेमबाजीत उतरणाऱ्या नवख्यांना सल्ला दिलाय: पहिलंच पिस्तूल परदेशी, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं घ्या, क्लबच्या झिजलेल्या पिस्तुलांवर हात बिघडतो, आणि परवडत नसेल तर सरळ कॅरम खेळा. रात्री वाचलं आणि झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय. (रत्नागिरीत बसून कॅरमला हिणवू नये, ही वेगळी सूचना.)

दहा मीटरवरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. काळा भाग ५९.५. नवख्याचा हात सुरुवातीला त्या सगळ्या काळ्यावरून फिरत असतो, कधी बाहेरही जातो. क्लबातलं जुनं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं, शिकंज्यात पकडून मारा, छर्रे एकाच भोकातून जातील. म्हणजे चूक कुठे आहे? नळीत नाही, खांद्यापासून बोटापर्यंत आहे. ती चूक दोन लाख मोजून जात नाही. नियम तर सगळ्यांना एकच: ट्रिगरचा ताण किमान ५०० ग्रॅम, पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम. महागड्या पिस्तुलाला यात सूट नाही.

आधी दोन-तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर काढा. त्यातला निम्मा वेळ छर्रा न घालता, पांढऱ्या भिंतीकडे. पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) लख्ख आणि टार्गेट धूसर, ही सवय लागल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. चढाल तेव्हा कंपनी विचारू नका, मूठ बघा. डोळे मिटून हात उचला, मग उघडा. माशी मागच्या खाचेत आपोआप बसली पाहिजे. बसवायला मनगट वाकवावं लागलं तर ती मूठ तुमची नाही. उजव्या हाताचे असाल आणि नेम धरणारा डोळा डावा असेल तर तेही आधीच तपासून घ्या. हे कुणी सांगत नाही.

आणि आपल्याकडचा पाऊस? जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तिथे इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं सर्किट ठेवणार, बिघडलं की मुंबई-पुण्याला पाठवणार, आणि पोरगं तोवर काय करणार? टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ऐन पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडून अडलं होतं. तिच्यामागे अख्खी यंत्रणा उभी होती. तुमच्यामागे कोण आहे?

दहापैकीदहा
टोकियोचं उदाहरण येणार हे माहीतच होतं. पॅरिसचं मात्र सोयीस्कर विसरलात. २०२४ ला तिने दोन कांस्यपदकं घेतली ती एअर पिस्तुलावरच, एक स्वतःचं आणि एक सरबज्योतसिंगबरोबर. तेव्हाही हातात मोरिनी या परदेशी कंपनीचंच पिस्तूल होतं. लोक त्या पिस्तुलाला एक कोटीचं म्हणत होते, शेवटी तिनेच सांगितलं की दीड ते पावणेदोन-दोन लाखांच्या दरम्यानची एकदाच करायची गुंतवणूक आहे. आपल्याकडे दुचाकीला तेवढे जातात आणि कुणी चकार शब्द काढत नाही.

आता क्लबबद्दल. तुमच्याकडे पिस्तुलं किती आणि पोरं किती ते लिहा ना! आमच्याकडे एक धड चालणारं, त्यावर पोरांची रांग. मूठ कुणीतरी स्वतःच्या हाताला कानस मारून घासलेली, वर पुट्टी थापलेली. त्या मुठीत नवा पोरगा बोटं कोंबतो आणि आयुष्यभराची वाकडी पकड शिकतो. 'मूठ बघा' म्हणता आणि त्याच दमात दुसऱ्याची मूठ तीन महिने वापरायला सांगता. ठरवा एकदा.

गुहागरी
मुठीचा मुद्दा बरोबर आहे. तरी दोघेही चुकताय असं माझं मत, कारण हवा कुठून भरणार हे कुणी बोलतच नाही. ही सगळी पिस्तुलं २०० बार दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर चालतात. गुहागरात मी २०० बार कुठे शोधू, टायरवाल्याकडे?

माझ्याकडे रशियन बैकालचं आयझेडएच-४६एम पिस्तूल आहे. नळीखालचा दांडा एकदा ओढला की एका गोळीची हवा भरली. सिलिंडर नाही, सर्किट नाही, मुदतबाह्य काही नाही. दरवेळी दाब तोच. नवखा शिकतोही नीट, कारण प्रत्येक गोळीआधी थांबावंच लागतं.

दहापैकीदहा
आणि सामन्यात ६० वेळा दांडा ओढताय, ७५ मिनिटांत. चाळिसाव्या गोळीला हात काय म्हणतो ते सांगा. शिवाय नवीन मिळतंय कुठे आता? सुटे भाग तरी?

गुहागरी
हात काही म्हणत नाही. सामन्यात मी पदकाला जात नाही, आनंदाला जातो. सुटे भाग मिळत नाहीत, हे खरं. झालं समाधान?

पाणबुड्या (तारकर्ली)
हवेचं मी सांगतो, धंदाच तो आहे. स्कूबाच्या टाक्या आम्ही २०० बारलाच भरतो, गाळून आणि कोरडी करून. मालवणातल्या एका नेमबाज पोराचं सिलिंडर आमच्याकडेच भरून जातं. फक्त जोडणी बघून या, डीआयएन म्हणजे आट्यांची आहे, की यॉक म्हणजे वरून आवळायची. नाहीतर हात हलवत परत जाल. हळूहळू भरायचं, घाई केली की सिलिंडर तापतं आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. सिलिंडरवरची तारीखही बघा, दहा वर्षं झाली की बाद. हातपंप नको म्हणेन. आपल्या दमट हवेत पंपातून पाणीच आत ढकलाल.

अडचण एकच. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, आणि तुम्हा लोकांचा सराव नेमका तेव्हाच जोरात.

रॉकेट०७
एवढी कटकट कशाला? वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर असतो. त्यातून भरा, तोही दाबाखालीच असतो.

पाणबुड्या (तारकर्ली)
हे कुणी करू नका. ऑक्सिजन दाबाखाली आणि आत तेल-ग्रीसचा अंश, एवढं स्फोटाला पुरतं. तोंडासमोर धरायची वस्तू आहे ती. रॉकेट, तुमचं नाव खरं करायची हौस असेल तर एकट्याने समुद्रावर जा.

रॉकेट०७
सहज विचारलं तर लगेच अंगावर? इथे नवख्यांना बोलायची सोय नाही. माझा प्रश्नच वेगळा होता खरं तर. या फुसफुस पिस्तुलापेक्षा सरळ .३२ रिव्हॉल्व्हर का घेऊ नये? नऊ एमएम मिळालं तर उत्तमच.

सडामिऱ्या (रत्नागिरी)
विचारलं नव्हतंत, 'भरा' म्हणून सांगितलं होतं. फरक आहे.

नऊ एमएम नागरिकांना प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, विषय संपला. .३२ ला परवाना, वय २१ पूर्ण, पोलीस चौकशी, आणि जिवाला काय धोका आहे याचं पटणारं कारण. मिळालंच तर नळी आखूड, झटका आणि आवाज एवढा की नवखा ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतो. गोळ्या महाग आणि मोजून मिळणार. सराव करणार कुठे, परसात? स्पर्धेतही त्या आखूड रिव्हॉल्व्हरचा उपयोग नाही. ऑलिंपिकच्या २५ मीटरला .२२ चं पिस्तूल लागतं, त्याचीही वाट बहुधा एअर पिस्तुलावरूनच जाते. राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण घेऊन आली ती काही कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरून नव्हे.

.१७७ चं एअर पिस्तूल, २० ज्यूलच्या आत, बिनपरवाना. मॅच पिस्तूल तर सहा-सात ज्यूलच्या आसपास. ओळखपत्र द्या आणि घ्या.

कलमवाला (देवगड)
तुमचा ता ट्रिगर नि सिलिंडर चालू दे. माका एकच सांगा, ह्या पिस्तुलान वांदर पळतत काय? ह्या वर्सा केळी ऱ्हवली नाय, कवळे नारळ खाली पाडतत, कलमांचो मोहोर वरबाडून टाकतत. घरात ठासणीची बंदूक आसा, पीक संरक्षणाचो परवानो आसा. पण निवडणूक इली की ती पोलीस ठेसनात जमा. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा. बंदूक घरात कमी नि ठेसनात जास्त ऱ्हवता. वांदरांका आचारसंहिता लागू नाय मां?

गुहागरी
हा खरा प्रश्न! आमच्याकडे वानर कमी आणि डुक्कर जास्त. भात हातातोंडाशी आलं की एका रात्रीत लोळवतात. नेमकं तेव्हाच बंदूक कुलपात.

सडामिऱ्या (रत्नागिरी)
पहिल्या पिस्तुलावर बोलत होतो आपण.

कलमवाला (देवगड)
बोला हो. तुमच्या पिस्तुलान काजू पिकत नाय.

पाणबुड्या (तारकर्ली)
कलमवाले, सरसकट सगळ्यांनी जमा करायची असते असं नाही. छाननी समिती असते, कुणाची घ्यायची हे तिने एकेक पाहून ठरवायचं. लेखी अर्ज द्या.

कलमवाला (देवगड)
अर्ज दिलेलो. साहेब म्हणालो, सगळ्यांनी जमा केलानी, तुझाच काय वेगळा? गेल्या खेपेक परत मिळाली तेव्हा नळीक गंज, चाप अडकता. खाऱ्या हवेत महिनोन्महिने बिनतेलाची उभी करून ठेवलेली. दुरुस्तीचे पैशे कोण देतलो? आणि परवानो नूतनीकरणाक गेलंय की परत पयल्यापासून कागद.

दहापैकीदहा
म्हणूनच सांगतो, खेळात या. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सभासद नेमबाजांना त्या जमा करण्यातून वगळलेलं आहे.

गुहागरी
व्वा. म्हणजे भात वाचवायला बंदूक हवी तर आधी पदक आणा. देवगडच्या बागायतदाराने आता पांढरा टी-शर्ट घालून एक हात खिशात घालून उभं राहायचं, पॅरिसला पदक घेणाऱ्या त्या तुर्की नेमबाज यूसुफ डिकेचसारखं.

कलमवाला (देवगड)
उभो ऱ्हवतंय. पण वांदर दहा मीटरवर गप ऱ्हवाक व्हयो.

रॉकेट०७
मग एअर पिस्तुलाने वानराला एक बसवला तर?

सडामिऱ्या (रत्नागिरी)
तर जनावर मरत नाही, जखम चिघळून हाल होतात. वर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. परवाना लागत नाही म्हणजे कुणावरही चालवायला मोकळीक नाही. आणि कुणीतरी असला एखादा प्रताप केला की उद्या आमच्या पोरांच्या खेळावर बंधनं येतील. वानरांचा प्रश्न खरा आहे, मी नाही म्हणत नाही, माझ्याही आंब्याला राखण ठेवावी लागते. पण त्याला उत्तर वनखात्याने द्यायचं आहे, छर्ऱ्याने नाही.

कलमवाला (देवगड)
वनखात्यान उत्तर दिला म्हणजे आमच्या नातवांका आंबे गावतले.

चिपळूणची आई
दोन दिवस वाचतेय. आता मध्ये पडते, कारण खिसा आम्हा पालकांचा.

माझ्या मुलीला शिकवणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, 'पिस्तूल घ्या, नाहीतर वेळ वाया जाईल.' कुठून घ्यायचं तेही त्यांनीच सांगितलं. घेतलं. मूठ मध्यम मापाची, मुलीचा हात लहान. ट्रिगरपर्यंत बोटाचं पेर पोचायचं नाही, जेमतेम टोक पोचायचं. सगळ्या गोळ्या एका बाजूला. सर म्हणायचे, सराव कमी पडतोय. शेवटी कोल्हापूरला एका ओळखीच्या ताईंनी मूठ हातात घेऊन बघितली आणि विचारलं, ही कुणी निवडली? लहान मूठ वेगळी मागवली, पैसे वेगळे गेले. जो शिकवतो त्यानेच विकू नये, एवढा नियम कुणी करेल का? वानरांवर एवढं लिहिलंत, यावर कुणी एक ओळ लिहिली नाही.

आणि दहापैकीदहा, 'परवडत नसेल तर कॅरम खेळा' हे माझ्या मुलीने वाचलंय.

दहापैकीदहा
ताई, कॅरमचं वाक्य मागे घेतो. सडामिऱ्या, उड्या मारू नका, फक्त वाक्य मागे घेतलंय, मुद्दा नाही. उलट ताईंच्या अनुभवाने माझंच म्हणणं सिद्ध होतं, स्वतःच्या मापाचं हवं.

सडामिऱ्या (रत्नागिरी)
त्यांनी स्वतःचंच घेतलं होतं! पहिल्या आठवड्यात! हात ओळखायच्या आधी! तुमचाच सल्ला होता तो.

दहापैकीदहा
इलेक्ट्रॉनिक नव्हतं ना पण.

गुहागरी
😂

दहापैकीदहा
बरं. शिकाऊ पोराने पहिले काही आठवडे क्लबचं वापरावं, पण क्लबने निदान लहान, मध्यम, मोठी अशा तीन मुठी ठेवाव्यात आणि त्यांना कानस लावणाऱ्याला बाहेर काढावं. मग घ्यायचं ते चांगलं मॅच पिस्तूल, यांत्रिक ट्रिगरचं असलं तरी चालेल, जुनं असलं तरी चालेल, सिलिंडरची तारीख बघून. स्प्रिंगवालं स्वस्त खेळणं मात्र नको, ते गोळी नळीत असतानाच उडी मारतं. हे पटत असेल तर पटवून घ्या. यापेक्षा खाली मी उतरणार नाही.

सडामिऱ्या (रत्नागिरी)
काल दोन लाखांवर होतात, आज जुन्यावर आलात. ऋतू बदलला वाटतं. स्प्रिंगचं पटलं. 'काही आठवडे' नाही, महिने.

चिपळूणची आई
आठवडे-महिने तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगा, ती मध्यम मापाची मूठ पडून आहे, अक्रोडाची, उजव्या हाताची, स्टायर एलपी १० ची. कुणाला हवी असेल तर निम्म्या किमतीत देईन.

गुहागरी
ताई, बैकालला बसेल का?

दहापैकीदहा
नाही बसणार. ताई, मला सांगा, आमच्या क्लबला हवीय. कानस लावणार नाही.

कलमवाला (देवगड)
बंदुकीच्या चापाचो कोण दुरुस्तीवालो म्हायत आसा काय, कणकवलीच्या आसपास?