टक्केवारी, टक्का की वाटा?

गोडामसाला : मसाल्याच्या एका छोट्या कारखान्याचा विक्रीचा तक्ता मी दर महिन्याला मराठीत करते. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये (कच्च्या नोंदींची गोळाबेरीज करून देणारा तक्ता) 'पर्सेंट ऑफ ग्रँड टोटल' निवडलं की एकूण विक्रीपैकी किती भाग कोणत्या मालाचा ते दाखवणारा रकाना येतो, त्याला मराठीत मथळा काय द्यावा? मी 'टक्केवारी' लिहिलं होतं. मालकांनी 'कांदा-लसूण, टक्केवारी ४५' एवढं वाचलं आणि विचारलं, "ही कुणाला द्यायचीय?"

ताळेबंद : मालकांचं चुकलं नाही. कंत्राटं आणि बिलं यांच्या जगात टक्केवारी म्हणजे टेबलाखालची. पण तो विनोद सोडला तरी शब्द लंगडाच आहे. टक्केवारी कशाची? वाढीची, नफ्याची, सवलतीची? दहावीची टक्केवारी विचारली तर कुणी गोंधळत नाही, कारण एकूण गुण किती ते सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्या तक्त्यात ते ठाऊक नाही.

गोडामसाला : मग 'योगदान'? साहेबी अहवालात 'काँट्रिब्यूशन' असतं.

ताळेबंद : मेतकुटाचं योगदान १२ टक्के! शाल-श्रीफळ आणायचं का? शिवाय कॉस्टिंगवाल्यांच्या लेखी काँट्रिब्यूशन म्हणजे विक्रीतून बदलता खर्च वजा जाता उरलेली रक्कम. अंशदान म्हणाल तर सरकारी नोकराला थेट पेन्शनची कपात आठवेल.

जुना कारकून : अहो, 'टक्का' आहे की! मतदानाचा टक्का, मुंबईतला मराठी टक्का. एकवचनात टक्का आला की एकूणातला भाग, हे मराठी कानाला आपोआप कळतं. आमच्या वडिलांच्या पिढीला तर टक्केही लागत नसत. वाटणीत 'चार आणे हिस्सा' म्हटलं की पाव आणि 'सोळा आणे' म्हणजे पूर्ण. पिकाचीही आणेवारीच असे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तरी आणेवारी बरीच वर्षं तोंडात राहिली, मग पैसेवारी झाली. ५० पैशांच्या खाली गेली की गाव दुष्काळाच्या यादीकडे डोळे लावतं.

ताळेबंद : आणेवारीची आठवण झकास, पण ती या रकान्याची बहीण नव्हे. पैसेवारीत आलेलं पीक प्रमाण उत्पन्नाशी ताडून बघतात. म्हणजे ते 'टार्गेटच्या किती टक्के' झालं. गावोगावच्या पैसेवाऱ्यांची बेरीज शंभर व्हायचं कारणच नाही. इथे मात्र सगळे मिळून शंभर व्हायलाच हवेत. माझं मत 'वाटा'. सिंहाचा वाटा, खारीचा वाटा म्हणताना आपण हेच तर करतो. वाटा म्हटला की आधी अख्खी भाकरी डोळ्यांपुढे येते.

गोडामसाला : पटलं. आता खरी पंचाईत. गेल्या वर्षी एकूण विक्री ८ लाख, मेतकूट ९६ हजार, म्हणजे वाटा १२ टक्के. यंदा एकूण १० लाख, मेतकूट १ लाख १० हजार, वाटा ११. 'मेतकूट १ टक्क्याने घटलं' लिहिलं तर मालक कारागिराला झापतील.

ताळेबंद : आणि उगाच झापतील. मेतकूट खपलं जास्तच, जवळजवळ साडेचौदा टक्क्यांनी. बाकीचा माल त्याहून जोरात पळाला, एवढंच. घट मालाची नाही, वाट्याची आहे. आणि तीही 'एका टक्क्याने' नाही. १२ च्या हिशेबात ती सव्वाआठ टक्क्यांहून जास्त भरते.

जुना कारकून : पण वर्तमानपत्रं असंच लिहितात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा 'पाव टक्का कपात'च म्हटलं गेलं. साडेसहाचा पाव टक्का कुणीही काढत बसलं नाही.

ताळेबंद : व्याजदरात चालतं, कारण दर स्वतःच टक्क्यात बोलतो. विक्रीच्या तक्त्यात रुपयेही शेजारी असतात, तिथे घोटाळा होतो. दोन टक्क्यांमधल्या वजाबाकीला 'टक्केबिंदू' म्हणणं बरोबर आहे, पण कारखान्यात कोण म्हणणार? सरळ लिहा : 'वाटा १२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आला, विक्री १४ हजारांनी वाढली.'

गोडामसाला : मथळा 'एकूण विक्रीतला वाटा, टक्के' असा केला. मालक काही बोलले नाहीत, म्हणजे पास. फक्त जिल्ह्यांच्या पानावर कोल्हापूर ४३, सांगली ३२, सातारा २६ आलंय आणि ते विचारताहेत, "हा एकशे एकावा कुठला?"

ताळेबंद : तिन्ही आकडे पूर्णांक करताना वर ढकलले गेलेत. दशांशाचं एक घर उघडा. ४२.६, ३१.७, २५.७ निघेल.