चिखलातून आलेल्या गाडीच्या बॉनेटखाली प्रेशर गन मारावी का?

सातपुडा_डिझेल
पाऊस लागला की आपल्याकडची फोर बाय फोर मंडळी तोरणमाळ, अनेर नदीचं खोरं, पाल गावाकडच्या वाटा धरतात. परतताना शहाद्याला नाहीतर चोपड्याला वॉशिंग सेंटरवर गाडी लावतात, बॉनेट उघडतात आणि पोराला सांगतात, "मार आतून सगळं!" माझा याला ठाम विरोध आहे.

इंजिन धुवू नका, असं मी म्हणत नाही. धुवायलाच हवं. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते आणि गरम इंजिनवर बसली की भाजून वीट होते. सगळ्यात वाईट ती बसते पुढच्या जाळीत. बहुतेक गाड्यांत पुढे एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर आणि टर्बो असेल तर जवळच त्याची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर. या थरांमधल्या फटीत गेलेला गाळ बाहेरून दिसतच नाही. आधी एसी थंड करेनासा होतो, मग घाटात तापमानाचा काटा चढतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा असा रेडिएटर दगा देणारच.

माझं म्हणणं असं: इंजिनवर हात ठेवता येईल इतकं थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह सोडा. हवा घेणाऱ्या पाइपचं तोंड, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्स प्लास्टिकने झाका. मग नळाची साधी धार, मऊ ब्रश, कपडे धुवायची पावडर नको, गाडीचा शाम्पू घ्या. जाळी धुताना पाणी इंजिनच्या बाजूने मारा, ते पुढून बाहेर यायला हवं. पुढून मारलं की गाळ आणखी आत जातो.

चोपडा_वॉशिंग
दादा, माझं स्वतःचं सेंटर आहे म्हणून बोलतो. दोष गनचा नाही, हाताचा आहे. पंख्यासारखी पसरणारी नोझल लावायची, दीड-दोन हात लांब उभं राहायचं, एका जागी धार थांबवायची नाही. आजच्या गाड्यांचे वायरिंगचे जोड, म्हणजे कपलर, रबराच्या सीलचे असतात, गाड्या नदी पार करतात. वाळलेला काळा चिखल नळाने काढून दाखवा. तासभर पाणी सोडाल तरी कोपऱ्यातला निघत नाही. आणि पाणी? धुळे-नंदुरबारच्या उन्हाळ्यात टँकर मोजून घेणाऱ्या माणसाला विचारा. गनला नळापेक्षा कमी पाणी लागतं.

सातपुडा_डिझेल
नदी पार करणं आणि गनची धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भाऊ. कपलरवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवलं तरी आत पाणी जाणार नाही. १ मीटर पाण्याचा दाब होतो ०.१ बार. सेंटरवरचा पंप १०० बारच्या घरात चालतो. लांबून मारलं की जोर उतरतो हे मान्य. पण पोराची घाई असते, मागे चार गाड्या उभ्या असतात, तो दोन हात लांब राहतो का? जोरदार धारेसाठी आयपी ६९ के ही वेगळी चाचणी असते, आणि ती बॉनेटखालचा प्रत्येक भाग पास झालेला नसतो. शिवाय गाडी चार उन्हाळे खाते तेव्हा सील कडक होतात.

केळीवाला_रावेर
दोघांचं ऐकलं. मनी जुनी जीप शे, जुन्या यांत्रिक पंपाची डिझेल. मी पाणी लावतच नाही. गाडी दोन दिवस उन्हात उभी करतो, चिखल तडकला की लाकडी काडीने पाडतो, वर कॉम्प्रेसरची हवा मारतो. वायरिंग सुकं राहतं, पाणी वाचतं. गॅरेजात इंजिन धुऊन आणलेली गाडी मग चेक इंजिनचा दिवा लावून बसते, हे किती वेळा पाहायचं?

मिस्तरी_धुळे
केळीवाले भाऊ, तुमच्या जीपला ते चालतं, तिच्यावर सेन्सर नाहीत. नव्या गाडीत ओला गाळ दोन दिवस ठेवला तर अल्टरनेटरच्या जाळीतून आत गेलेली बारीक माती त्यातले कार्बनचे ब्रश आणि ते ज्यावर घासतात ती स्लिपरिंग खाते. आणि सुक्या मातीवर हवा मारली की तीच माती आणखी आत जाते. हवा मारायचीच तर धुतल्यावर, पाणी उडवायला.

पेट्रोल गाडीवाल्यांना एक सांगतो. पावसाळ्यात माझ्याकडे मिस फायरिंगच्या, म्हणजे इंजिन झटके मारणाऱ्या, बऱ्याच गाड्या वॉशिंग सेंटरवरूनच येतात. प्लगला करंट देणारी कॉइल काढली की प्लगच्या विहिरीत पाणी उभं असतं. तिथे आधी हवा मारून पाणी उडवा, मगच प्लग खोला, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरतं. आणि गाडी खोल पाण्यातून काढली असेल तर धुण्याआधी एअर फिल्टर आणि डिपस्टिक पाहा. फिल्टर ओला किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिन चालूच करू नका, ओढून आणा. गाडी चमकवण्यापेक्षा हे आधी.

डिझेल मारून इंजिन चमकवणाऱ्यांना तर मी हात जोडतो. रेडिएटरच्या होजचं रबर डिझेलने फुगतं, आणि गरम सायलेन्सरवर पडलं तर पेट घेऊ शकतं.

पाटणा_रानवाट
मिस्तरीदादांचं शेवटचं वाक्य ठळक करून लावावं. पण एवढ्या चर्चेत गवताचं नाव कुणी काढलं नाही. सप्टेंबरनंतर सातपुड्यात आणि गौताळा अभयारण्याच्या बाजूला गवत कमरेएवढं होतं, दिवाळीपर्यंत सुकतं. गाडी त्यातून गेली की सायलेन्सरच्या वर, चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला, खालच्या पत्र्याच्या कव्हरमध्ये त्याचे झुपके अडकतात. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. गाडी तशीच हायवेला घेतली तर आग लागू शकते. गवत पाण्याने निघत नाही. खाली चटई टाकून, हातमोजे घालून, टॉर्च लावून उपटावं लागतं. आणि हे घरी आल्यावर नाही, रान सोडतानाच.

आणखी एक. ओढ्यात, अनेरच्या काठावर गाडी उभी करून इंजिन धुणारे मी पाहिलेत. इंजिनवरचं ऑइल गुरांच्या पाण्यात जातं. खाली गावं आहेत. कृपा करून हे बंद करा.

चोपडा_वॉशिंग
ताई, ओढ्याचं शंभर टक्के पटलं. माझ्याकडे गाळ बसायला टाकी आहे, तेल वर तरंगतं ते वेगळं काढतो, म्हणून तरी सेंटरवर या म्हणतो. गवताचंही बरोबर. पण गनवर मी ठाम आहे. चाकाच्या वरचा पत्रा, चॅसिस, खालून इंजिनला जपणारी स्किड प्लेट इथे नळ काही कामाचा नाही.

सातपुडा_डिझेल
खालच्या अंगाला गन मारा, माझी ना नाही. माझं भांडण बॉनेटखालच्या धारेशी आहे. जाळीचे अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पंख जवळच्या धारेने आडवे झाले की वाऱ्याची वाट बंद, मग गाळ काढून उपयोग काय?

नंदुरबार_नवशिका
एक विचारू? आमच्या इथे इंजिन चालू ठेवून धुतात. म्हणतात, चालू असलं की पाणी आत जात नाही. खरं आहे का?

मिस्तरी_धुळे
नाही. चालू इंजिन हवा ओढत असतं, पाणी आलं तर तेही ओढेल, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बेल्ट आणि पंख्यात हात जाण्याची भीती वेगळीच. बंद करून धुवा, हवा मारा, बॉनेट उघडं ठेवून सुकू द्या, बॅटरी जोडा आणि मग पंधरा-वीस मिनिटं जागेवर चालवा. बेल्ट किंचाळला तर तो अजून ओला आहे, थोडं थांबा. बॅटरीचा लाल दिवा गेला नाही तर गाडी रस्त्यावर काढू नका, आधी अल्टरनेटर दाखवा.

चोपडा_वॉशिंग
सुकवण्याचं मिस्तरींचं बरोबर आहे. हवा मारायला मी वेगळे पैसे घेत नाही, पण गाडीवाले थांबतच नाहीत. धार बंद झाली की चावी मागतात.