कुराण समजून वाचायचं तर सूरा धरून की पारा धरून?

भायखळ्याचा वाचक:
रमजान आला की मुंबईत दहा दिवसांत कुराण पूर्ण होणाऱ्या तरावीहचे, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजचे, फलक लागतात. रोज तीन पारे, म्हणजे कुराणाच्या 30 साधारण सारख्या भागांपैकी तीन. माझा आक्षेप वेगाला नाही, पाऱ्याला आहे. 30 पारे ही पठणाची सोय. विषय चालतो तो 114 सूरांतून, म्हणजे अध्यायांतून. सूरा यूसुफ बघा. 111 आयतींत, म्हणजे वचनांत, यूसुफच्या स्वप्नापासून भावांना माफी देण्यापर्यंतची सलग कथा. यूसुफच्या मालकाची, अजीजची, बायको राजासमोर कबूल करते, ‘मीच त्याला भुलवू पाहिलं, तो खरा आहे.’ ते बोलणं पुरतं संपलेलंही नसतं, तोच 52व्या आयतीला बारावा पारा संपतो! अर्थासाठी वाचणाऱ्याने सूरा पुरी करूनच थांबावं.

माहीमची आपा:
भाई, नाही पटत. मय्यतीच्या घरी कुराणखानीला, म्हणजे सगळ्यांनी मिळून कुराण पढायला, 30 पारे माणसांत वाटतात म्हणून एका बैठकीत खत्म होतं. सूरा कशा वाटणार? अल-बकरह 286 आयतींची, अल-कौसर तीन आयतींची. आणि आयतुल कुर्सी ही अल-बकरहची 255वी आयत. झोपताना ती आम्ही एकटीच पढतो. तिचा अर्थ कुठे अडतो?

मुलुंडकर:
मी मराठी अनुवाद वाचतो. नवख्याने पहिल्या पानापासून सुरुवात करूच नये. सगळ्यात आधी उतरलेल्या आयती 96व्या सूरेत आहेत. शेवटच्या, अम्मा पाऱ्यातल्या बहुतेक सूरा मक्केतल्या, छोट्या. तिथून मागे यावं.

भायखळ्याचा वाचक:
आपा, कुराणखानीला पारा हवाच, त्यात वाद नाही. पण आयतुल कुर्सी ही अल्लाहची स्तुती आहे. युद्धाच्या हुकमाची आयत अशी सुटी उचलता येत नाही. सूरा तौबाची पाचवी आयत व्हॉट्सॅपवर एकटीच फिरते. चौथीत करार पाळणाऱ्यांना वगळलंय, सहावीत आसरा मागणाऱ्याला सुखरूप जागी पोचवायला सांगितलंय. ते कोणी पाठवत नाही, आणि आपल्या मुलांना वर्गात त्यावरून बोलणी खावी लागतात. म्हणून सूरेचा आग्रह.

माहीमची आपा:
त्या मेसेजचा संताप मलाही येतो. पण 129 आयतींची तौबा पुरी वाच म्हटलं तर पाठवणारा एक ओळही वाचणार नाही. आपल्याकडच्या छापील कुराणात समासात ‘ऐन’ या अरबी अक्षराची खूण असते, तिथे रुकू, म्हणजे सूरेतला आयतींचा छोटा गट, संपतो. तौबाचा पहिला रुकू सहा आयतींचाच आहे. चौथी, पाचवी, सहावी तिन्ही त्यात आली. त्याला तेवढाच रुकू वाचायला सांगा.