लोअर परळ फिरलेल्या खान्देशकरांनो, तुम्हाला तिथे काय दिसलं?

पोरं तिकडे नोकरीला लागली, तशा आपल्या फेऱ्या वाढल्या. गिरण्यांच्या जागेतले मॉल-कॅफे बघून काय वाटलं ते लिहा. हॉटेलांची यादी नको, ती मोबाइलवर सापडते. मी फिनिक्स मॉल बघितला. झगमगत्या दुकानांतून मान वर केली तर गिरणीची चिमणी तशीच उभी! भाचा म्हणे, ‘मामा, फोटो काढू?’ मला आमच्या अंमळनेरची प्रताप मिल आठवली. आजी तिच्या भोंग्यावरच चूल पेटवायची.

जळगाव : आमचं कापसातली सरकी काढायचं जिन होतं. ‘कमलाचं पत्र आलं का?’ असं वडील मुनीमजींना विचारायचे. कमला ही कुणी बाई असावी, असं मला बरीच वर्षं वाटायचं. (आईला काय वाटायचं, कोण जाणे!) परवा मुलीचं ऑफिस बघायला कमला मिल्सच्या आवारात गेलो. फाटकावरच्या वहीत ‘कशासाठी आलात’ असा रकाना होता. ‘रुईच्या गठाणींचा हिशोब’ असं लिहायचा फार मोह झाला.

धुळे : दादरला उतरून मध्य रेल्वेची स्लो लोकल धरा, परळनंतर करी रोड. तिथून डिलाईल रोडचा पूल ओलांडला की झालं. तो २०१८ पासून पाच वर्षं बंद होता, तेव्हा पायांचे तुकडे पडले. शनिवारी रात्री गाडी नेऊ नका.

चाळीसगाव : आमचे मामेसासरे तिथल्याच एका गिरणीत साचेखात्यात (मागांवर) होते, आधी बदली (गैरहजर कामगाराच्या जागी), मग कायम. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांवर कामगार बाहेर पडले. ‘संप मिटला की जाऊ’ म्हणत मामा गावी आले, ते शेतातच राहिले. गेल्या दिवाळीत त्यांना घेऊन गेलो. फाटकाशी थबकले आणि सदऱ्याचा खिसा चाचपू लागले. मी विचारलं, काय हरवलं? म्हणे, ‘पास.’

आत एका कॅफेत जुने लोखंडी खांब मुद्दाम गंजलेलेच ठेवलेत, तशीच फॅशन आहे म्हणे. मामांनी खांबावरून बोट फिरवलं, तांबडं झालेलं बोट मला दाखवलं. ‘आमचा जॉबर (मुकादम) असता ना, सगळ्यांना घरी पाठवलं असतं.’